पाहुण्यांचं टर्मिनल

कंप्युटरच्या टर्मिनलची घंटा वाजली की आमचे साहेब खुर्चीतून अर्धे उठत. पूर्ण नाही, अर्धेच. दारात कुणी आलं की आपण हातातलं काम सोडून उठायला लागतो ना, तसे. मग भानावर येऊन परत टेकत, कपाळावरचा चष्मा नाकावर घेत आणि स्क्रीनकडे बघून मोठ्यांदा म्हणत, "या! नागपूर आले."

नागपूर म्हणजे आमच्या कंपनीचा नागपूरचा डेपो. तिथला ऑपरेटर तिकडे विदर्भात आपल्या टेबलाशी पंख्याखाली बसलेला असायचा. टेलिफोनच्या तारेवरून तो बोईसरच्या आमच्या मशीनवर लॉगिन झालेला असायचा, एवढंच. आणि हे गृहस्थ त्याच्यासाठी इथे खुर्ची सोडत. पहिल्या दिवशी मी हे पाहिलं तेव्हा वळून दाराकडे बघितलं होतं. दारात कुणीच नव्हतं. साहेब जरा सरकलेले आहेत असं मी मनाशी ठरवून टाकलं, आणि पुढे कित्येक वर्षं ते मत बदलायची काही गरज पडली नाही.

ही नव्वदीतली गोष्ट. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत कापडाचे रंग बनवणारी आमची कंपनी होती. कामगारांच्या बाह्या बघितल्या की आज कुठला रंग निघतोय ते कळायचं. त्या सगळ्या रंगीत कारभारात आमची कंप्युटर रूम तेवढी पांढरीशुभ्र, थंडगार आणि चपला बाहेर काढून आत जायची. मशीन एकच, पण देशभरातले डेपो मोडेमने फोन लावून त्यावर यायचे, आपापला स्टॉक भरायचे आणि जायचे. ते मशीन सांभाळायला आम्ही दोघंच. ते, आणि पालघरहून रोज येणारी मी.

माझ्या मुलाखतीत त्यांनी एकच प्रश्न विचारला होता. "बाई, तुमच्या घरी पाहुणा आला तर आधी काय करता?"

मी डिप्लोमा करून, कमांडच्या कमांड पाठ करून गेले होते. वैतागून म्हटलं, "पाणी देते."

ते एकदम खूश. "झालं तर मग! यंत्राचंही तेवढंच असतं. दार उघडलं, नाव विचारलं, ओळख पटवली, हे कुणीही करतं. पुढे पाणी घेऊन येणारा कुणी आत आहे का, ते बघायचं."

नोकरी मला मिळाली, पण ती पाणी देण्यासाठी मिळाली असं वाटून मी बरेच दिवस धुमसत होते. त्यात ते मला 'बाई' म्हणत. माझं वय तेव्हा असं होतं की बाई म्हटलं की नाकाला मिरच्या झोंबत.

हिंदी बोलणारे कामगार त्यांना 'मोडेमवाले बाबूजी' म्हणत. मोडेम फोन उचलताना जो चिरका आवाज करतो ना, त्यावरून ते कोण आलंय ते ओळखत. कोइमतूरचा आवाज किनरा, इंदूरचा घोगरा, गुवाहाटीचा दमेकऱ्यासारखा. मी एकदा त्यांना चूक ठरवायला मुद्दाम कान देऊन बसले. दिवसभरात ते एकदाही चुकले नाहीत आणि मला मात्र डोकेदुखी लागली.

त्यांच्या टेबलावर दोन टर्मिनलं होती. एक कामाचं आणि दुसरं पाहुण्यांचं. कुणी लॉगिन झालं की मशीन आपणहून एक फाइल वाचतं आणि त्याप्रमाणे पुढचं सगळं करतं. त्या फाइलीत त्यांनी पदरची एक ओळ घातली होती. जो येईल त्याचं नाव आधी पाहुण्यांच्या टर्मिनलवर पाठव, घंटा वाजव, आणि मग त्याला आत सोड. अशी ओळ मी दुसऱ्या कुठल्या मशीनवर आजवर पाहिलेली नाही. त्या टर्मिनलवर दुसरं काही काम करायला मला बंदी होती.

घंटा झाली, अर्धं उठून झालं, की ते आलेल्या माणसाला स्वतःच्या हाताने टाईप करून एक ओळ पाठवत. अक्षरं इंग्रजी, भाषा मराठी. 'या. जेवलात का?' माणूस सकाळी उजाडता उजाडता आला तरी जेवलात का. कोइमतूरच्या ऑपरेटरला ते मशीनचंच काहीतरी वाटायचं आणि तो इमानेइतबारे 'येस सर' असं लिहून पाठवायचा. गुवाहाटीवाल्याने तर फोन करून विचारलं होतं की हा नवीन पासवर्ड आहे का.

"सर, त्यांना मराठी कुठे कळतं?" मी एकदा म्हटलं.

"जेवण कळतं ना?" ते म्हणाले आणि पुन्हा टाईप करायला लागले.

स्वतःच्या जेवणाचीही तऱ्हाच. कंप्युटर रूममध्ये खायचं नाही हा नियम त्यांनीच केलेला. पण जेवायला कँटीनमध्ये गेलं तर मोडेमचा आवाज ऐकू येणार नाही. म्हणून खानावळीचा डबा घेऊन ते दारात उंबऱ्याबाहेर स्टूल टाकून बसत, पाठ भिंतीला आणि कान आत. तेवढ्या वेळात नावं पुढे सरकून जाऊ नयेत म्हणून पाहुण्यांच्या टर्मिनलची एक कळ दाबून स्क्रीन थांबवून ठेवत. जुन्या टर्मिनलांना ती सोय असायची. कळ दाबली की स्क्रीन आहे तशी राहते, आणि नवीन ओळी मागे रांगेत थांबतात. परत दाबली की सगळ्या भराभर येतात. जेवून, हात धुऊन ते कळ सोडत आणि घंटा ऐकत, "या, या, बसा," करत.

आमच्याकडे झाडायला तारापूरच्या बाजूच्या एका कोळीवाड्यातल्या मावशी यायच्या. त्यांनी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा झाडू तसाच हातात धरून उभ्या राहिल्या.

"साहेब, तुमी कोनाला या या करता? हितं तर कोन नाय."

"कानपूरला, मावशी."

मावशींनी स्क्रीनकडे निरखून बघितलं. "मंग त्याला सांगा, आमी बोंबील सुकत घातलेत. खायाला ये म्हनावं."

दुसऱ्या कुणी हसून सोडून दिलं असतं. यांनी ते खरंच टाईप करून पाठवलं. कानपूरहून उत्तर आलं की निमंत्रणाबद्दल आभार, पण आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. ते मावशींना वाचून दाखवलं, तर मावशी म्हणाल्या, "आसू दे, डाळभात घालू." तेही गेलं. असा तो दरबार होता.

हे कानपूरवाले म्हणजे तिथल्या डेपोचे वयस्क ऑपरेटर. एका वर्षअखेरीला मला रविवारी कामावर यावं लागलं, तेव्हा मला कळलं की साहेब दर रविवारी येतात. डेपो सगळे बंद. फक्त कानपूरवाले येत. तिकडे ते एकटे, इकडे हे एकटे. दोघं रविवारभर एकमेकांना ओळी पाठवत बसत. मला वाटलं, काय गहन चर्चा चालते बघू तरी. तर कानपूरहून आलं, 'गर्मी है?' यांनी लिहिलं, 'है.' बऱ्याच वेळाने तिकडून आलं, 'यहाँ भी.' त्यावर हे समाधानाने हसले. मी कपाळावर हात मारून घेतला. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलंही नव्हतं, फोनवरही बोलले नव्हते. मी म्हटलं, "सर, एकदा फोन तरी करा त्यांना." तर म्हणाले, "आणि बोलू काय?"

साहेबांच्या घरी मी एकदाच गेले. ते सरावलीला एका चाळीत खोली घेऊन राहत. तापाने आडवे झाले होते आणि ऑफिसच्या कपाटाची किल्ली त्यांच्याजवळ राहिली होती. मला बघून ते इतके गडबडले की मला वाटलं माझंच काही चुकलं. "या, बसा," म्हणाले. खोलीत खुर्ची एकच होती. मी तिच्यावर बसले आणि ते भिंतीला टेकून उभे राहिले. अंगात ताप असताना, मी निघेपर्यंत उभेच. पाणी आणलं, त्यावर झाकणसुद्धा होतं. पण त्यापुढे काय करायचं ते त्यांना माहीत नव्हतं. बोलायला काही नाही, जा म्हणवत नाही. निघताना शेजारची बाई मला जिन्यात अडवून म्हणाली, "तुमी त्यांच्या कोन? आजवर कुनी आलंलं नाय बगितलं यांच्याकडं." मी म्हटलं, ऑफिसातली. तेव्हा माझ्या मनात त्यांच्याबद्दल दया आली, आणि दया आली म्हणून ते कामावर परतल्यावर मी त्यांच्याशी जरा जास्तच फटकून वागले.

मग कानपूरवाले निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी ते लॉगिन झाले, काम संपवलं आणि जाताना पाहुण्यांच्या टर्मिनलवर ओळ आली. 'चलते हैं साहब. जेवलो.'

इतकी वर्षं विचारलेल्याचं ते मराठीतलं पहिलं उत्तर. साहेबांनी ती ओळ बघितली आणि कळ दाबून स्क्रीन थांबवली. "असू दे थोडे दिवस," ते मला म्हणाले. "बाकीची नावं आली की वर ढकलली जाईल." डोळ्यांत पाणीबिणी नव्हतं. हातरुमालाने स्क्रीनवरची धूळ तेवढी पुसली.

त्यानंतर लगेचच आमच्यामागे साडेसाती लागली. डेपोवाल्यांचे फोन यायला लागले. लॉगिन होतं, पासवर्ड घेतो, वेलकम म्हणतो, आणि मग काहीच नाही. कर्सर लुकलुकत राहतो. कळा दाबा, नाहीतर डोकं आपटा, मशीन ढिम्म. मशीन बंद करून परत चालू केलं की पहिले काही जण सुखरूप आत येत, आमचा जीव भांड्यात पडे, आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच. स्टॉक भरला जाईना, माल कुठे किती आहे ते कळेना, ट्रक गेटवर उभे.

साहेबांनी सगळं केलं. टेलिफोनच्या लाइनमनला चहा पाजून खांबापासून तार तपासून घेतली. मोडेम बदलले. समुद्रावरच्या खाऱ्या वाऱ्याने जोड गंजलेत म्हणून प्रत्येक जोड स्वतः घासून काढला. उंदरांवर संशय घेऊन फरशीखाली डोकं घातलं. अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीने पाणी ओतलं. मीही पासवर्डची फाइल ओळीओळीने तपासली. जिथे दोष नव्हता ती एकही जागा आम्ही सोडली नाही. त्या दिवसांत ते कुणाला जेवलात का विचारत नव्हते, कारण धड आत कुणी येतच नव्हतं; घंटा वाजत नाही तीही त्याचमुळे, असं आम्ही धरून चाललो होतो.

फॅक्टरी मॅनेजर तसे चांगले गृहस्थ. पण त्यांच्यावर मुंबईच्या हेड ऑफिसचं दडपण होतं. त्यांनी साहेबांना बोलावून स्पष्ट सांगितलं. या आठवड्यात नीट झालं नाही तर मशीन मुंबईला जाईल, तिकडे बाहेरची एक कंपनी ते सांभाळेल, मला अकाउंट्समध्ये घेतील, आणि साहेबांनी स्वेच्छानिवृत्ती घ्यायची.

केबिनमधून परत आल्यावर त्यांनी दाराबाहेर चपला नीट जोडून ठेवल्या. मग म्हणाले, "बाई, मशीन गेलं तर मी बसू कुठे?"

पगाराचं, पेन्शनचं काही नाही. बसू कुठे. सरावलीची ती एक खुर्ची माझ्या डोळ्यांसमोर आली.

आठवडा संपत आला तशी एका दुपारी मॅनेजरसाहेब स्वतः खाली आले. चपला काढून आत आले, खुर्ची ओढून बसले. "हे बघा, मला तुमचं तांत्रिक कळत नाही. वर काय सांगू? नेमकं होतंय काय, ते साध्या भाषेत सांगा."

"साध्या भाषेत सांगतो," साहेब म्हणाले. "समजा, पाहुणा आला. दार वाजवलं. आपण नाव विचारलं, त्याने सांगितलं. ओळख पटली, दार उघडलं, तो आत आला. इथपर्यंत सगळं ठीक आहे. आता पाहुणा आत आला की आत निरोप जातो, अमुक आलेत म्हणून. निरोप पोचला की मग त्याला पुढे घ्यायचं. आता जर आतल्या माणसाने निरोपच घेतला नाही, तो आपल्याच नादात बसलेला असेल, तर पाहुणा उंबऱ्याच्या आत नुसता उभा..."

ते बोलता बोलता थांबले. तोंड तसंच उघडं. मॅनेजरसाहेब म्हणाले, "मग?"

साहेब उठले. या वेळी पूर्ण उठले. पाहुण्यांच्या टर्मिनलसमोर जाऊन उभे राहिले. स्क्रीनवर कानपूरची ओळ तशीच होती. मशीन कितीदा तरी बंद-चालू केलं, पण या टर्मिनलचं बटण कुणी बंद केलं नव्हतं, आणि दाबलेली कळ कुणी सोडली नव्हती. येणाऱ्या प्रत्येकाचं नाव आधी इथे पोचायला हवं होतं. स्क्रीन थांबलेली. थोडी नावं मागच्या रांगेत मावत. रांग भरली की पुढच्याचं नाव कुठे जाणार? ते अडलं की तो माणूस अडला. रोज जेवणापुरती कळ दाबायची तेव्हा रांग भरण्याआधी सुटत होती. या वेळी ती सुटलीच नव्हती. एवढंच होतं सगळं.

त्यांनी कळीवर बोट ठेवलं. लगेच दाबलं नाही. मी बघत होते, ते ती ओळ पुन्हा एकदा वाचत होते. मग दाबलं.

घंटांचा नुसता कल्लोळ झाला. नागपूर, इंदूर, कोइमतूर, पुन्हा नागपूर, गुवाहाटी. नावावर नाव आदळत होतं. कानपूरची ओळ वर सरकली, सगळ्यात वरच्या काठाला क्षणभर टेकली आणि गेली. टर्मिनलवर गेलेलं परत येत नाही. टेबलावरचा फोन वाजला. इंदूरवाला ओरडून सांगत होता की सुटलं, सुटलं!

मॅनेजरसाहेबांनी साहेबांच्या पाठीवर थाप मारली. "वा! काय होतं?"

मी त्यांच्या मागे उभी राहून साहेबांना डोळ्यांनी खुणावत होते. लाइनचा दोष होता म्हणा. मोडेम म्हणा. उंदीर म्हणा. कुणाला काही कळणार नव्हतं.

"दोष माझा होता," ते म्हणाले, आणि सगळं सांगितलं. ओळ, घंटा, कळ, कानपूर, जेवलो, सगळं. मॅनेजरसाहेब आधी हसले, मग हसायचे थांबले. मग जरा हळू आवाजात म्हणाले, "ती ओळ काढून टाका. आत्ता, माझ्यासमोर. मला तसं वर कळवावं लागेल."

मी मध्ये पडले. म्हटलं, काढायची काही गरज नाही, नाव मागच्या मागे पाठवता येतं, ते पोचायची वाट न बघता माणूस आत जातो, मग कुणी अडत नाही. साहेबांना ते माझ्याआधीपासून माहीत होतं. मॅनेजरसाहेब म्हणाले, "बाई, धंद्याच्या मशीनवर पाहुणचार नको." कामाच्या टर्मिनलवर बसून साहेबांनी ती ओळ काढली, आणि नीट निघाली ना, हे मला बघायला सांगितलं. नीट निघाली होती.

मशीन बोईसरलाच राहिलं. साहेबांची नोकरी राहिली. लॉगिन त्यानंतर एकदाही अडलं नाही. लोक येत, काम करत, निघून जात, आणि खोलीत एसीची घरघर तेवढी ऐकू येई. कोण कोण आत आहे त्याची यादी काढायची कमांड होती. मी म्हटलं, "सर, अधूनमधून ती बघा, आणि विचारा की जेवलात का. त्याला कुणाची बंदी नाही."

"छे," ते म्हणाले. "कुणी येऊन बसलंय का ते चोरून डोकावून बघायचं? त्यांनी यायचं आणि आपल्याला कळायचं, तर ते येणं." माणूस विक्षिप्त तो विक्षिप्तच. मोडेमचे आवाजही पुढे त्यांना ओळखू येईनासे झाले, की त्यांनी ओळखायचं सोडलं, मला माहीत नाही. मावशी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "साहेब आता या या करत नाय. बरं नाय का त्यांना?" मी म्हटलं, बरं आहे. दुसरं काय सांगणार?

मग एक दिवस ते मॅनेजरसाहेबांकडे गेले आणि म्हणाले, मला गेटवर बसवा. कंपनीत येणाऱ्याला नाव विचारून आत पाठवायचं जे काम आहे, ते मी करतो. पगार तिथला द्या. मॅनेजरसाहेबांना वाटलं ते टोमणा मारताहेत. "तुमच्या ग्रेडचा माणूस गेटवर बसवला तर लोक मला वेड्यात काढतील," असं म्हणून त्यांनी चहा मागवला. साहेबांनी चहा घेतला आणि महिन्याभरात राजीनामा दिला.

जायच्या दिवशी मी त्यांना चपला घालताना दारात गाठलं. मला राग आला होता. इतकी वर्षं ज्यांना सरकलेले म्हणाले, ते जाणार म्हणून मला राग यावा याचाही राग आला होता. म्हटलं, "का जाताय, सर? मशीन इथेच राहिलं ना? तुमची जागा वाचली ना?"

"वाचली ना," ते म्हणाले. मग अगदी साध्या आवाजात, माझी समजूत घातल्यासारखं म्हणाले, "पण इथे आता कुणी येत नाही हो, बाई."

ते गेल्यावर मी आत आले आणि कोण कोण आहे ती यादी काढली. महिनाअखेर होती. नागपूर होतं, इंदूर होतं, कोइमतूर, गुवाहाटी, सगळे डेपो आत होते. मशीन इतकं भरलेलं मी आधी कधी पाहिलं नव्हतं, आणि खोलीत माझ्याशिवाय कुणीच नव्हतं.